आडोशाचा माणूस

महिपतीच्या हातात चेंडू आला की सोलापूरच्या सात रस्ता चौकाकडून घरी निघालेली माणसं सायकली भिंतीला टेकवून थांबायची. वळसंगचा गडी, दाराच्या चौकटीला डोकं लागेल एवढा उंच, गिरणीत बदली कामगार. चेंडू घ्यायचा, आडवा येईल त्याला खांद्यानं रेटायचं आणि रिंगमध्ये टाकायचा. ह्यालाच तो बास्केटबॉल म्हणत होता आणि बघणारेही म्हणत होते.

मग चनबसप्पा सरांना नवं खूळ लागलं. सर दिवसा शाळेत पी.टी. घ्यायचे आणि संध्याकाळी वीरभद्र संघाला शिकवायचे. कुठल्याशा शिबिराला जाऊन आले आणि आल्या आल्या चेंडू काखेत दाबून धरला, कुणाला दिलाच नाही.

"चेंडूशिवाय पळा," सर म्हणाले. "चेंडूवाल्याकडं सगळेच बघतेत. बास्केट करायची ती, कुणी बघत नसताना मोकळ्या जागी पोचून."

"मग चेंडू इकत कशाला आणला सर?" महिपती म्हणाला. पोरं हसली. सर हसले नाहीत.

त्यांनी महिपतीला रिंगपासून थोडं अलीकडं नेऊन रोवला. पाय फाकून, हात छातीशी, हलायचं नाही. पंचाक्षरीनं त्याच्या खांद्याला खांदा घासून पळायचं. पंचाक्षरीच्या मागं लागलेला गडी महिपतीवर आदळून अडकणार, आणि पंचाक्षरी पलीकडं मोकळा. तेवढ्यात त्याला पास. इंग्रजीत ह्याला स्क्रीन म्हणतात. सर आडोसा म्हणायचे.

"म्हंजे मी भिताड," महिपती म्हणाला.

"भिताडच हो. भिताड तोंड करत न्हाय."

पंचाक्षरी दुधनीच्या अडत्याचा पोरगा, कॉलेजसाठी सोलापुरात राहिलेला. काटकुळा. चेंडू आपटत धड पुढं सरकता येत नव्हतं. पण रिकाम्या हातानं पळायला लागला की अंगाला तेल लावल्यासारखा माणसांतून निसटायचा. महिपतीचे पाय पक्के रोवले गेले की त्यानं हाक द्यायची आणि पंचाक्षरीनं निघायचं, असं ठरलं. हाक कानडी ठेवली, पुण्या-नाशकाच्या संघांना कळू नये म्हणून. 'बा', म्हणजे ये.

"भर मैदानात तुझा बा काढतो बघ," महिपती त्याला म्हणायचा.

"काढा की महिपतअण्णा. दुकानात बसून बसून कटाळलाय त्यो. जरा हवा लागंल."

ह्या माणसाला टोमणा बोचत नव्हता. महिपतीला तेच सहन होत नव्हतं.

वीरभद्र संघ जिंकायला लागला. टाळ्या पंचाक्षरीला. महिपतीच्या बरगड्या मात्र काळ्यानिळ्या. घरी फुलाबाई त्याच्या पाठीला हळद-तेल चोळता चोळता म्हणाली, "त्यो दुधनीचा पळतोय म्हंजे बघत ऱ्हावं वाटतंय. तुमी उगं हुबं का ऱ्हाता वो?" महिपती चोळणं अर्धंच टाकून उठला आणि सदरा चढवून बाहेर गेला. बायकोच्या तोंडून दुसऱ्याचं कौतुक ऐकण्यापरीस बरगडी मोडलेली बरी.

त्यात बातमी आली की स्पर्धेचा अंतिम सामना बघायला रेल्वेचे साहेब येणार आहेत. खेळाडूंच्या कोट्यातली एक जागा. बदलीवाल्याला काम मिळेल की नाही हे रोज सकाळी गिरणीच्या फाटकावर कळतं. रेल्वे म्हणजे जन्माची भाकरी. पण साहेब बघणार कुणाला? बास्केट करणाऱ्याला. भिंतीला कोण नोकरी देतंय?

समोर संघ आला विजापूरचा.

महिपतीनं पहिली हाक दिली, "बा." पंचाक्षरी निघायच्या आधीच विजापूरचे दोघे त्याच्या वाटेत जाऊन उभे. दुसऱ्यांदा तेच. त्यांच्यातला एक दात काढून म्हणाला, "बंदा नोड." आला बघ.

महिपतीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. चोरून बोलायला भाषा निवडली ती कानडी, आणि सामना विजापूरशी. अख्ख्या संघात हे कुणाला सुचलं नव्हतं. घरातली भाषा बाहेरच्यालाही येते, हे ध्यानातच राहत नाही. महिपतीनं सरांना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. उलट आवाज चढवून हाक देत राहिला आणि पंचाक्षरी दर खेपेला अडकताना बघून त्याच्या पोटात गार पडत होतं. मध्यंतरापर्यंत वीरभद्र संघ पार मागं पडला.

"सर, ही तर आपलीच माणसं की," पंचाक्षरी घाम पुसत हसला. "आपण त्यांनाच सांगून पळतोय."

सरांनी कपाळावर हात मारून घेतला. मग महिपतीकडं बराच वेळ बघितलं. "तुला ऐकू आलं न्हाय? तू तर त्यांच्या मधोमध हुबा हुतास."

"गलका लई हाय, सर."

सर पोरांकडं वळले. म्हणाले, "हाक तीच ठेवायची. पंचाक्षरी, हाक आली की तू उलट्या बाजूनं रिंगखाली."

म्हणजे आता महिपतीनं आडोसाही खोटाच द्यायचा आणि ओरडायचंही खोटंच. विजापूरचे हाकेला फसून एका बाजूला धावू लागले आणि दुसऱ्या बाजूनं पंचाक्षरी आरामात बास्केट टाकू लागला. लोक त्याच्या नावानं ओरडत होते. खुर्चीत बसलेले साहेब पुढं वाकले होते. बरोबरी झाली.

शेवटचा डाव. चेंडू महिपतीच्या हातात आला, रिंगकडं पाठ. त्यानं हाक दिली. दोघे फसले. डोळ्याच्या कडेतून त्याला पंचाक्षरी दिसला, रिंगखाली एकटा, हात वर केलेला. लहान लेकरानंही पास दिला असता.

महिपती वळला आणि त्यानं स्वतःच मारला.

चेंडू रिंगमागच्या फळीच्या कडेला लागून खाली आला, तो नेमका पंचाक्षरीच्या हातात. त्यानं उडी मारून आत ठेवला. शिट्टी झाली.

पोरांनी पंचाक्षरीला खांद्यावर घेतलं. तो वरूनच ओरडत होता, "मला कुटं उचलताय? अण्णांनी फळीवर मारून पास दिला, असला पास बघितलाय का कुणी?" साहेब जवळ आले तेव्हा तो उतरला आणि त्यांनाही तेच सांगितलं. "मला नोकरी नको साहेब, आमचं दुकान हाय. ह्यांना घ्या. ह्यांच्या आडोशाशिवाय मी एकबी बास्केट करू शकलो नसतो."

साहेबांनी महिपतीला विचारलं, "तो शेवटचा पास होता?"

सर शेजारीच उभे होते. त्यांनी मान फिरवून कोर्टाकडं नजर लावली.

"व्हय," महिपती म्हणाला. "पासच हुता."

साहेबांनी त्याला सोमवारी ऑफिसात बोलावलं. पंचाक्षरीनं त्याला घट्ट मिठी मारली. घामानं ओल्या त्या काटकुळ्या अंगाला ढकलून द्यावं, असं महिपतीला वाटलं. बास्केट त्याची, टाळ्या त्याच्या, आता चांगुलपणाही त्याचाच, आणि आपली भाकरीसुद्धा त्यानं वाढलेली. तोंडावर 'तू मला चेंडू दिला नाहीस' म्हणाला असता तर दोन शिव्या हासडून मोकळं होता आलं असतं. पण तो बेटा मनापासून हसत होता.