गच्चीवर गेलेली आत्या

वहीताईंनी पत्रांची गोणी जेवणाच्या टेबलावर उपडी केली आणि एकेक पाकीट कात्रीने उघडून ढीग लावायला सुरुवात केली. टेबल खरं होतं, घर तेवढं खोटं होतं. तीन भिंती, चार दारं आणि वर छताच्या जागी दिवे. अकरा वर्षं या घरात एक विनोदी मालिका चालली होती आणि येत्या शुक्रवारी तिचा शेवटचा भाग चित्रित व्हायचा होता. त्याआधी वाहिनीने प्रेक्षकांना आवाहन केलं होतं की, मालिकेबद्दल मनात राहून गेलेला एक प्रश्न लिहून पाठवा, आम्ही उत्तर देऊ. वाहिनीच्या बापाचं काय जात होतं! उत्तरं शोधायची होती वहीताईंना.

मागच्या शॉटमध्ये कप कुणाच्या कुठल्या हातात होता, कुणाच्या शर्टाची किती बटणं लावलेली होती, दारामागची पिशवी कुठल्या खिळ्याला होती, हे सगळं टिपून ठेवणं हे त्यांचं काम. त्यासाठी एक जाडजूड वही कायम त्यांच्या कडेवर असे, म्हणून त्या वहीताई. सेटवर कुणाचं कशावरून वाजलं तर शेवटी सगळे त्यांच्याकडेच येत. वहीत आहे म्हणजे आहे, वहीत नाही म्हणजे नाही.

"वाचा," सोफ्यावर आडवा पडलेला लेखक म्हणाला. सगळे भाग त्यानेच लिहिले होते.

"वडील रोज सकाळी बॅग घेऊन कामाला जातात. ते नेमकं काय काम करतात?"

लेखक वरच्या दिव्यांकडे बघत राहिला. "काय करतात हो?"

"ठरलंच नव्हतं. तिसऱ्या वर्षी 'साहेब रागावले' म्हणतात. सहाव्या वर्षी 'माझ्या हाताखालची माणसं' म्हणतात."

"म्हणजे मधे बढती मिळाली. लिहा. पुढचा?"

"आजोबांच्या फोटोला पाचव्या वर्षी अचानक मिशा कशा आल्या?"

मूळ फोटो पडून फुटला होता आणि सेटवरच्या सुताराने ऐन वेळी स्वतःच्या मामाचा फोटो आणून टांगला होता. मामा अजून हयात होता आणि घरी बसून दर आठवड्याला स्वतःला बघत होता. हे छापायचं कसं, यावर दोघं थोडा वेळ हसले. मग घराला बाहेरून दोन खिडक्या आणि आतून चार कशा, शेजारी बेल न वाजवता आत कसा येतो, हे झालं. सगळे जण टेबलाच्या तीनच बाजूंना का बसतात, असं तर वीस जणांनी विचारलं होतं. हा प्रश्न वहीताईंना नवा नव्हता. घरीसुद्धा त्या सवयीने तीनच बाजूंना ताटं मांडत आणि सासूबाई विचारत, "चौथ्या बाजूला कॅमेरा बसणार का जेवायला?"

टेबलाच्या टोकाला मात्र एक ढीग उरला होता. तो बाकीचे सगळे ढीग एकत्र केले तरी त्यांच्यापेक्षा उंच भरला असता. त्यातलं प्रत्येक पत्र एकच विचारत होतं: आत्या कुठे गेली?

दुसऱ्या वर्षी एका भागात वडिलांची धाकटी बहीण, म्हणजे मुलांची आत्या, धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन गच्चीवर गेली होती. ती काही खाली आली नाही. पुढच्या भागात नाही, त्याच्या पुढच्या भागात नाही. घरातल्या कुणी तिला हाक मारली नाही, तिच्याबद्दल चकार शब्द काढला नाही, जणू ती कधी नव्हतीच. एका प्रेक्षकाने लिहिलं होतं, "कपडे वाळले असतील तर तिला खाली बोलवा." एका बाईंनी लिहिलं होतं, "ती आमच्या घरी सगळ्यांची लाडकी होती. वाईट काही झालं असेल तर तसं सांगा, पण सांगा."

"सुचलं!" लेखक उठून बसला. तेवढ्यात आत आलेल्या दिग्दर्शकाला त्याने तिथूनच ऐकवलं. "शेवटच्या भागात सगळे जेवायला बसलेत. जिन्यावरून आत्या उतरते, हातात तीच बादली. म्हणते, 'हे कपडे काही वाळेचनात बाई!' बस्स. एवढंच."

दिग्दर्शकाने क्षणभर लेखकाकडे निरखून बघितलं. मग म्हणाला, "चांगलं आहे. पण ती येईल का? एवढ्या वर्षांनी?"

"वहीताईंना पाठवू. त्यांचं ऐकेल."

वहीताईंच्या हातातली कात्री पाकिटात तशीच अडकून राहिली. "जाते," त्या म्हणाल्या.

त्या दोघांना ठाऊक नव्हतं ते असं होतं. गच्चीवर जाण्याचा सीन झाला, त्याच दिवशी आत्याचं काम करणाऱ्या मुलीचे वडील आजारी पडले आणि ती तीन आठवड्यांची सुटी घेऊन गावी गेली. खाली येण्याचा सीन राहिला. त्याच आठवड्यात वहीताईंची वही भरली. नवी वही सुरू केली की पहिल्या पानावर 'घरात कोण कोण' ही यादी जुन्या वहीतून उतरवून घ्यायची, हा रिवाज. त्या पानाची एक प्रत लेखकाकडे जाई, तो ती समोर ठेवून लिही आणि त्याने ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांनाच शूटिंगला बोलावलं जाई. यादीत सहा माणसं होती. पाच उतरवून झाली आणि कुणीतरी शर्टाच्या बाहीबद्दल विचारायला वहीताईंना हाक मारली. त्या गेल्या, बाही पाहिली, परत आल्या आणि पान उलटलं.

झालं ते एवढंच. चार महिन्यांनी कशासाठी तरी जुनी वही चाळताना त्यांना ते दिसलं. तोवर सोळा भाग दाखवून झाले होते. लेखकाला वाटलं होतं दिग्दर्शकाने तिला वगळलं, दिग्दर्शकाला वाटलं लेखकाने, आणि अवघड विषय म्हणून दोघंही तोंडात मिठाची गुळणी धरून बसले होते. ती मुलगी स्वाभिमानी, तीही विचारायला आली नाही. आज सांगू, उद्या सांगू करता करता वहीताईंनी नऊ वर्षं काढली. लोक 'वहीताई कधी चुकत नाहीत' म्हणत, तेव्हा त्या पेनाचं टोपण घट्ट बसलंय ना ते बघत.

ती मुलगी आता एका चष्म्याच्या दुकानात काम करत होती. वहीताई आत शिरल्या तेव्हा ती एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या नाकावर चाचणीची गोल चौकट बसवून तिच्यात भिंगं बदलत होती.

"आता खालची ओळ वाचा. हे बरं, का हे बरं?"

आवाज पूर्वीपेक्षा खूप हळू होता. ते गृहस्थ बिचारे कान पुढे करत होते. तिने वर बघितलं, वहीताईंना ओळखलं आणि स्टुलाकडे बोट केलं. गृहस्थ गेल्यावर ती भिंगं पुसून एकेक करून डब्याच्या खाचांत लावत राहिली. वहीताईंनी लेखकाची कल्पना सांगितली. बादलीचं ऐकून ती किंचित हसली.

"येईन की नाही ते नंतर सांगते. आधी मला एक सांगा. मला काढलं का होतं?"

वहीताईंचा हात पिशवीतल्या वह्यांकडे गेला.

"नाही, मला राग नाही. पण कळलं पाहिजे ना. आधी मला वाटलं, माझा आवाज फार चढतो. म्हणून रोज घरी मोबाईलवर टेप करून करून आवाज खाली आणला. मग वाटलं, आवाज नाही, मी हात फार हलवते. पुढच्या दोन नाटकांत हात बांधून उभी राहिले. लोक म्हणाले, हिला काही जमत नाही. नंतर कुणी बोलावलंच नाही." तिने डब्याचं झाकण लावलं. "तुम्ही तेव्हा तिथे होतात. तुम्हाला सगळं माहीत असतं. आवाज होता की हात?"

"दोन्ही नाही," वहीताई म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून जुनी वही काढली, मग नवी काढली आणि दोन्हींची पहिली पानं उघडून काउंटरवर शेजारी शेजारी ठेवली. "तुला कुणी काढलंच नव्हतं. माझ्याकडून एक ओळ उतरवायची राहिली. हे बघ. माझ्या हातून झालं आणि मी कुणाला सांगितलं नाही. तुला तर नाहीच. माझी चूक आहे, तुझी काही नाही."

त्यांना वाटत होतं, हे ऐकून ती रडेल, ओरडेल, निदान सुटल्यासारखा एक श्वास तरी सोडेल. ती दोन्ही पानांवरून बोट फिरवत राहिली. एक, दोन, तीन, चार, पाच. जुन्या वहीत सहा.

"आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही?"

"प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याने ठरवलं."

"वहीताई, काढलं होतं म्हणजे माणसं एकत्र बसली असतील. कुणी म्हणालं असेल, राहू दे तिला. कुणी म्हणालं असेल, नको. त्या बैठकीतलं एकेक वाक्य मी रात्र रात्र रचलंय. कोण माझ्या बाजूने बोललं असेल तेसुद्धा ठरवून टाकलंय. आणि तुम्ही म्हणता, बैठकच झाली नव्हती."

दारावरची घंटी वाजली. एक बाई नाकावरून घसरणारा चष्मा घेऊन आत आल्या होत्या. तिने तो हातात घेतला, बारीक पेचकसाने त्याचा स्क्रू आवळला, त्यांच्या कानांवर बसवून बघितला आणि त्यांना दारापर्यंत पोचवून आली. तेवढ्या वेळात वहीताईंचे दोन्ही डोळे भरून आले होते, आणि समोर इतके आरसे होते की लपवायची सोय नव्हती.

"रडू नका," ती म्हणाली. "आणि त्या दोघांना हे सांगू नका. मला काढलं होतं, असंच राहू द्या."

"अगं, पण का काढलं असं विचारलं त्यांनी, तर काय सांगू?"

"ते तुम्ही बघा. नऊ वर्षं मी बघितलं."

"आणि शुक्रवारी?"

"शुक्रवारी दुकान उघडं असतं."

वहीताई सेटवर परतल्या तेव्हा लेखक आणि दिग्दर्शक टेबलापाशी बसून उत्तरांचे कागद वाचत होते. फक्त आत्याच्या प्रश्नासमोरची जागा कोरी होती.

"नाही म्हणाली," वहीताई म्हणाल्या.

"म्हणणारच," लेखक म्हणाला. "मानी बाई. तिला काढलंस तेव्हा तिच्याशी एक शब्द तरी बोलायचास रे."

"मी काढलं?" दिग्दर्शकाने कागद खाली ठेवला. "तुझ्या लिखाणात नव्हती ती. मला वाटलं, तुमचं दोघांचं काहीतरी बिनसलंय."

"माझं कशाला बिनसेल? माझ्याकडे आलेल्या यादीत—" लेखक थांबला आणि खुर्चीतच वळला. "वहीताई, वहीत बघा बरं."

वहीताईंनी पिशवी मांडीवर घेतली, पण उघडली नाही.

"मी काढलं," त्या म्हणाल्या.

दिग्दर्शक हसला. "तुम्ही? अहो, तुम्ही स्वतःच्या मनाने कुणाचं बटणसुद्धा काढायच्या नाहीत."

"यादीतून नाव मी काढलं. मुद्दाम काढलं."

दोघांचं हसू हळूहळू उतरलं. वहीताईंच्या आयुष्यात कुणी त्यांच्याकडे असं बघितलं नव्हतं.

"का?" लेखकाने विचारलं.

अकरा वर्षं या जागी त्यांना कुणीही काहीही विचारलं तरी उत्तर कुठल्या ना कुठल्या पानावर असायचं. या प्रश्नाला पान नव्हतं. त्यांनी दुसऱ्या वर्षीच्या त्या जुन्या वह्या मनात उलटल्या, आत्याचे सीन एकेक करून आठवले, आणि त्या पानांवरच्या मोकळ्या जागा त्यांच्या डोळ्यांपुढे आल्या.

"ती सीनमध्ये असली की माझं लिहायचं राहून जायचं," त्या म्हणाल्या. "कप कुणाच्या हातात, बाही कुठवर दुमडलेली, काही टिपलं जायचं नाही. बाकीचे पाच जण तिथे असायचे, पण दिसायचे नाहीत. मी आपली तिच्याकडेच बघत बसायचे. असं करून माझं काम कसं चालणार होतं?"

लेखक काहीतरी बोलणार होता, तेवढ्यात दिग्दर्शकाने हात वर करून त्याला थांबवलं. तो जिन्याकडे बघत होता. त्या जिन्याला पाचच पायऱ्या होत्या, वर एक फळी होती आणि फळीवर गच्चीवरून उतरायची वाट बघणाऱ्यासाठी एक स्टूल.

"ते मात्र खरं," तो म्हणाला. "माझंही 'कट' म्हणायचं राहून जायचं."

लेखकाने पेन्सिल उचलली आणि कोरी जागा असलेला कागद पुढे ओढला.

"पुन्हा एकदा सांगा," तो म्हणाला. "सावकाश."

वहीताईंनी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.