घोड्यासाठी केलेली पोळी

लेक इटलीत नोकरीला लागून तीन वर्षं झाली, तरी केवळाबाईचा जीव थाऱ्यावर नव्हता. लातूरच्या क्लासात शिकलेली आपली उज्वला सिएना नावाच्या जुन्या शहरात औषधाच्या कंपनीत आहे, हे तिचा नवरा दगडोबा रेणापूरच्या बाजारात ज्याला त्याला सांगत फिरे. केवळाबाई मात्र एकाच विचारानं पोखरली होती. लेक एकटी राहते. ताप भरला तर तिचं दार कोण वाजवणार?

उज्वलानं दोघांची तिकिटं काढली तेव्हा दगडोबानं अट घातली, पोळ्याच्या आत घरी परत यायचं. आपले बैल दुसऱ्याच्या हातानं मारुतीला जायचे नाहीत. केवळाबाईनं अट घातली नाही. तिनं लातूरच्या मिलमधली हरभऱ्याची डाळ आणि गूळ पिशवीत भरला आणि विमानात जाऊन बसली.

उज्वलानं सुट्टी काढून शहर दाखवायला घेतलं. सिएना डोंगरावर वसलेलं, गल्ल्या चढउताराच्या, घरं भाजलेल्या विटेच्या रंगाची. मधला मोठा चौक सुपासारखा, एका अंगाला उतरता. केवळाबाई म्हणाली, "एवढ्या सुपात पाखडतात तरी काय?" मनोऱ्याचं टोक बघायला दगडोबानं मान मागं टाकली आणि त्याची टोपी खाली पडली. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं मोठं चर्च पाहिलं. आतले खांबसुद्धा पट्ट्यापट्ट्यांचे, जणू कुणी लुगडी नेसवून उभे केलेत. केवळाबाई सगळं बघे आणि प्रत्येक ठिकाणी, भिंतीवरच्या जुन्या चित्रापुढंसुद्धा, तेच विचारी, "इथून तुझं घर किती लांब? वाटंत ओळखीचं कोण राहतंय?"

"आई, हे सातशे वर्षांपूर्वीचं चित्र आहे. तू चित्र बघ."

"बघितलं की. आता तुझं बघते."

त्या चौकाच्या कडेनं तेव्हा पिवळी माती टाकून चोपली होती. घोड्यांची शर्यत जवळ आली होती. उज्वलानं समजावून सांगितलं. शहराचे सतरा मोहल्ले. प्रत्येकाचं निशाण वेगळं, चर्च वेगळं, आणि शेजारच्या मोहल्ल्याशी वैर पिढ्यांपासूनचं. उज्वलाच्या मोहल्ल्याचा घोडा यंदा पळणार होता.

शर्यतीच्या आदल्या दिवशी दारावर थाप पडली. वरच्या मजल्यावरची रेनाता आली होती. सत्तरीची, पांढऱ्या केसांची बाई. आजवर तिचा आणि उज्वलाचा संबंध जिन्यातल्या नमस्कारापुरता. उद्या आमच्या चर्चमध्ये घोड्याला आशीर्वाद देतील, आईवडलांना घेऊन ये, एवढं सांगून ती गेली.

"घोडा देवळात नेतात?" दगडोबानं विचारलं.

"हो आबा. पाद्री त्याला म्हणतो, जा आणि जिंकून ये."

"मग हा पोळाच की गं. शिंगं तेवढी न्हाईत."

"ऐका दोघं," उज्वला म्हणाली. "मला तीन वर्षांत पहिल्यांदा बोलावलंय. आत कुणी बोलायचं नाही, टाळी वाजवायची नाही, फोनचा उजेड पाडायचा नाही. घोडा बुजतो. तिथं काही चुकलं तर पुन्हा मला कुणी विचारणार नाही."

केवळाबाईनं मान डोलावली. तीन गोष्टी सांगितल्या, तीन तिनं ध्यानात ठेवल्या. चौथी कुणी सांगितलीच नाही. आणि जनावर देवाच्या दारात आलं आणि त्याच्या तोंडाला गोड लागलं नाही, असं तिच्या घरी कधी झालं नव्हतं. सकाळी तिनं डाळ शिजवली, पुरण वाटलं, पोळ्या केल्या. उज्वलाला वाटलं, आपल्यासाठीच. त्यातली एक केवळाबाईनं पदराखाली घेतली.

चर्च लहान होतं आणि माणसांनी गच्च भरलं होतं. प्रत्येकाच्या गळ्यात मोहल्ल्याचा रेशमी रुमाल. फक्त या तिघांचे गळे मोकळे. घोड्याच्या टापा दगडावर वाजत आत आल्या. लगाम लिव्हिओच्या हातात होता, घोड्याचा राखणदार, दाढीवाला गडी. पाद्र्यानं आशीर्वाद दिला. घोडा वळला, माणसांच्या मधून परत दाराकडं निघाला, आणि केवळाबाईच्या पुढ्यात येताच तिनं पदराखालची पोळी काढून त्याच्या तोंडापुढं धरली.

घोडा थांबला. नाकपुड्या फुगवून त्यानं मान पुढं केली. लिव्हिओनं झटकन आपला पंजा मधे घातला आणि पोळी ओढून घेतली. त्याचा चेहरा लाल झाला. चर्चमधलं प्रत्येक डोकं केवळाबाईकडं वळलं. बोलायचं नव्हतं म्हणून कुणी बोललं नाही, पण उज्वलाचं तोंड पांढरंफटक पडलेलं केवळाबाईनं पाहिलं.

घोडा हलेना. लिव्हिओनं लगाम ओढला, तरी तो पोळीच्या वासावर अडून उभा. आणि मग त्यानं शेपूट वर केली आणि चर्चच्या चकचकीत फरशीवर लीद टाकली.

आता संपलं, केवळाबाईच्या मनात आलं. आपण थांबवला म्हणून हे झालं. दुसरं काही सुचेना. गोठ्यात जन्म गेलेली बाई, ती तशीच खाली वाकली आणि लीद उचलायला दोन्ही हात पुढं केले.

तेवढ्यात कुणीतरी तिचे हात धरले. रेनाता होती. रेनाताच्या डोळ्यांत पाणी होतं. तिनं केवळाबाईला उभं केलं आणि तिच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. आजूबाजूचे लोक एकमेकांना मिठ्या मारत होते, तेही आवाज न करता.

घोडा बाहेर गेला आणि गल्लीत एकच गलका उठला.

"यांना झालं काय?" दगडोबानं विचारलं.

उज्वलाच्या तोंडावर आता कुठं रंग आला होता. "घोड्यानं चर्चमध्ये लीद टाकली की मोठा शकुन मानतात इथं. पण आई, तू काय केलंस? त्याला कुणी काही खाऊ घालू नये म्हणून लिव्हिओ रात्री त्याच्याजवळ झोपतो."

"उपाशी जनावर धाडायचं व्हय?" केवळाबाई बारीक आवाजात म्हणाली.

घोडा दुसऱ्याच्या हाती देऊन लिव्हिओ समोर येऊन उभा राहिला. हातात पोळी. त्यानं काहीतरी करड्या आवाजात विचारलं. उज्वलानं डाळ, गूळ, गहू, वेलदोडा असं सांगितलं. त्यानं तुकडा मोडून तोंडात टाकला. बराच वेळ चावला. मग उरलेली सगळी पोळी तिथंच उभ्यानं खाल्ली आणि जाता जाता एक वाक्य बोलला.

"काय म्हणला?" केवळाबाईनं विचारलं.

"जिंकलो तर पोळीमुळं, म्हणाला. हरलो तरी पोळीमुळंच."

शर्यत सुरू झाली म्हणेपर्यंत संपली. चौकाला तीन फेऱ्या, धूळ, आरडाओरडा. त्यांचा घोडा चौथा आला. केवळाबाईनं डोळे मिटून घेतले. उघडून बघते तर मोहल्ल्यातली माणसं नाचत होती.

"चौथा येऊन नाचाय लागलेत?" दगडोबा म्हणाला.

"शेजारचा मोहल्ला दुसरा आला ना, आबा. इथं शेवटच्यापेक्षा दुसऱ्याला जास्त लाज. जिंकता जिंकता हरला म्हणून वर्षभर चिडवतात."

दगडोबानं टोपी नीट केली. "मग ही आपल्या भावकीतलीच माणसं हायेत."

त्या संध्याकाळी गल्लीत लांबच लांब टेबलं मांडली गेली. रेनातानं तिघांना आपल्या शेजारी बसवलं आणि स्वतःच्या गळ्यातला रुमाल काढून उज्वलाला बांधला. केवळाबाई लेकीला म्हणाली, "तिला विचार, तुला ताप आला तर ती दार वाजवील का?"

"आई, असं विचारतात का?"

"विचार."

उज्वलानं खालमानेनं विचारलं. रेनाता तिच्यावर जी उखडली, ती हातवारे करत बोलतच राहिली.

"काय झालं गं? चिडली?"

"म्हणतीय, दार वाजवून काय उपयोग, आत पडलेल्या माणसानं उघडायचं कसं? घराची एक किल्ली माझ्याकडं ठेव, हे पहिल्याच वर्षी का सुचलं नाही तुला?"

केवळाबाईनं उरलेल्या पोळ्यांचा डबा रेनातापुढं सरकवला आणि त्या दिवसातला पहिला घास तोंडात घातला.

पोळ्याला दोघं रेणापुरात होती. वाजतगाजत बैल मारुतीच्या देवळापुढं आले. दगडोबाच्या थोरल्या बैलानं नेमका पायरीवरच शेणाचा पो टाकला. पुजारी झाडू शोधत करवादला, "दगडोबा, जनावर आवरा की."

"असू द्या म्हाराज," दगडोबा म्हणाला. "शकुन हाय."

केवळाबाईनं बैलाला पोळी चारली. मग दुसरी पोळी फोनपुढं धरली. पलीकडं उज्वला होती आणि तिच्या खांद्यावरून रेनाता आणि लिव्हिओ डोकावून बघत होते.