कोरी नळी

"हे तुझं यंत्र माझ्या खरबुजाचा जीव तर नाही ना ओढून घेणार?" अनाबीबीने तिसऱ्यांदा विचारलं.

"फक्त वास घेतं, अनाबीबी. जीव तुमच्याकडेच राहतो."

"वास गेल्यावर खरबुजात राहतं काय गं पोरी? पाणी!"

होसियत हसली, पण ते वाक्य तिला नको तिथे लागलं. कोठाराच्या जमिनीवर अंथरलेल्या लोकरी नमद्यावर खरबूज पारदर्शक पिशवीत बसलं होतं. पंप त्या पिशवीतली हवा बोटाएवढ्या काचेच्या नळीतून ओढत होता, आणि नळीतली भुकटी वास धरून ठेवत होती. छताला खरबुजं टांगायच्या लव्हाळ्याच्या रिकाम्या झोळ्या लोंबत होत्या. अनाबीबीचा नवरा मातयाकूब आठ महिन्यांपूर्वी गेला. त्याने जपलेल्या वाणाचं हे शेवटचं फळ. त्याच्या बिया उन्हाळ्यात पेरायच्या, आणि नवी फळं अस्सल उतरली की नाही ते आजच्या वासाशी ताडून बघायचं, असं ठरलं होतं.

खरबूज झालं, मग नुसत्या खोलीची हवा. त्या हवेच्या नळीला होसियतच्या संस्थेत कोरी नळी म्हणत. कोऱ्या नळीत काही निघता कामा नये. होसियतच्या कोऱ्या नळ्यांत सव्वीस वर्षांत कधी काही निघालं नव्हतं, कारण कुठे कुणी सिगारेट ओढलीय, कुठे रॉकेल सांडलंय, हे तिचं नाक उंबऱ्यातच सांगायचं. तिने आजही जोरात श्वास घेतला आणि वहीत लिहिलं, 'हवा स्वच्छ.'

वास तिला कसलाच आला नव्हता. डिसेंबरातल्या तापाने तिचं नाक नेलं होतं. चुलीवर दूध करपलं, सून अंगणातून धावत आली आणि ही शेजारीच शांतपणे कांदा चिरत बसली होती, तेव्हा तिला कळलं. तिने ते कुणाला सांगितलं नाही, घरातसुद्धा नाही. "आमच्याकडे दोन यंत्रं आहेत, एक परदेशी आणि एक होसियत," असं पाहुण्यांना सांगणाऱ्या संचालकांना ती काय सांगणार होती? नाक नसलेली होसियत म्हणजे बाटल्या विसळणारी बाई. ती भीती रोज सकाळी तिच्याआधी उठायची.

परतीच्या गाडीत समोरच्या माणसाने एवढ्या थंडीत खिडकी उघडली.

"काय ओपा, लग्नाहून येताय वाटतं?" त्याने विचारलं. तिकडे थोरल्या बाईला ताई म्हणावं तसं ओपा म्हणतात.

बाकीचे हसले, म्हणून तीही हसली. पण का हसले, ते तिला कळेना. तिने ओढणी चाचपली, बूट पाहिले. उर्गेंच शहर येईपर्यंत तिच्या जिवाला चैन नव्हती.

प्रयोगशाळेत मोहिरा वाट बघत होती. याच खोलीत होसियतने तिला विद्यार्थिनी असताना नळी धरायला शिकवलं होतं. आता ती विभागप्रमुख होती. होसियत आत येताच तिने एकदा तिच्या ओढणीकडे पाहिलं.

"आधी कोरी लावूया, ओपा. यंत्राचा पडदा मी माझ्याकडे वळवून घेते हं."

होसियत यंत्रापुढे जाऊन बसली. यंत्र नळी तापवायचं आणि तिच्यातले वास एकेक करून सोडायचं. ते काचेच्या फनेलमधून बाहेर पडत. फनेलला नाक लावायचं, वास आला की बटण दाबायचं आणि कसला ते सांगायचं. तीन महिने तिने पडद्यावरच्या रेघेकडे चोरून बघत निभावलं होतं. रेघ वर उठली की बटण. अकराव्या मिनिटाला काकडी, चौदाव्याला मध, एकोणिसाव्याला जास्त पिकलेलं नासपती. सगळं तोंडपाठ होतं. आज पडदा नव्हता. पण नळी कोरी आहे, कोरीत कुठे काय असतं, असं म्हणून तिने मन घट्ट केलं.

सहा मिनिटं गेली. दहा गेली. झाडूवाली दारात येऊन शिंकली.

"काही येतंय, ओपा?"

"काही नाही. कोरी आहे."

"नीट बघा."

"अगं, सव्वीस वर्षं बघतेय. स्वच्छ आहे!"

मोहिराने पडदा तिच्याकडे वळवला. रेघेला डोंगर उठले होते, एकाला लागून एक.

"धूर आहे, ओपा," मोहिरा हळूच म्हणाली. "इस्रिकचा. फनेलमधून मला इथवर येतोय. तुम्ही दारातून आलात तेव्हा तुमच्या ओढणीलाही येत होता. कधीपासून?"

कुणाची नजर लागू नये म्हणून इस्रिक या वाळवलेल्या झुडपाची धुरी घरोघरी फिरवतात, लग्नात तर हटकून. आता कुठे होसियतला गाडीतलं हसणं कळलं. ती फनेलपाशीच बसून राहिली. लाजेने कानशिलं तापली होती, आणि आत कुठेतरी, नवल म्हणजे, हायसंही वाटत होतं.

"डिसेंबरपासून."

"म्हणजे त्यानंतरच्या नोंदी..."

"अकरा. अकराही खोट्या." तिने वही ओढून घेतली आणि एकेका नोंदीवर स्वतःच्या हाताने काट मारली. मोहिराने तिला थांबवलं नाही.

खरबुजाच्या नळीतही धूर शिरला असणार, म्हणून दुसऱ्या दिवशी दोघी पुन्हा गेल्या. अनाबीबी कोठाराच्या दारात उभी होती.

"धुरी केली होती, मग? शेवटचं फळ, त्यात परकं यंत्र! तू काही बोलली नाहीस, मला वाटलं चालतं."

"चूक माझीच होती, अनाबीबी."

दारं उघडून दोन तास वारा खेळवला. वास पूर्ण गेल्याचं मोहिराने सांगितलं, तेव्हाच होसियतने पंप सुरू केला. नळ्या बंद झाल्यावर अनाबीबीने सुरी आणली. कापल्यावरचा वासही नोंदवायचा होता. सगळ्या बिया तिने रुमालात काढून घेतल्या आणि पहिली फोड होसियतच्या हातात ठेवली.

"सांग आता. तुझ्या नाकाचं कौतुक आमच्या गावापर्यंत आलंय."

होसियतने फोड नाकाशी नेली. गारवा जाणवला, बाकी काही नाही. मोहिरा खाली मान घालून सामान आवरू लागली.

"मला वास येत नाही, अनाबीबी," होसियत म्हणाली. हे वाक्य कुणी न विचारता ती पहिल्यांदाच बोलत होती. "गेला. तुम्ही सांगा, मी लिहिते."

"मी? मला काय येतंय सांगता?"

"नाक आहे ना? मग झालं."

म्हातारीने फोड नाकाशी धरून डोळे मिटले. "आधी थंड येतो. रात्रभर बाहेर राहिलेल्या पाण्यासारखा. मग गोड. आणि मागून जरासा... पाटाचं पाणी सोडून म्हातारा पहाटे घरात यायचा ना, तेव्हा त्याच्या अंगातल्या जाड चाप्पनला, त्या अंगरख्याला, यायचा तसा. ओला कापूस, चिखल." ती थांबली. "असलं लिहू नकोस, लोक हसतील."

"हसू देत. पुन्हा सांगा, सावकाश."

होसियतने शब्द न् शब्द उतरवला. पानाच्या तळाशी 'वास घेणार' अशी ओळ छापलेली होती. सव्वीस वर्षं तिथे एकच नाव पडत आलं होतं. तिने क्षणभर पेन तसंच धरलं, मग ठळक अक्षरात 'अनाबीबी' असं लिहिलं आणि वही तिच्यापुढे सही करायला सरकवली.