टोपड्यातलं पीठ

"सदतीस वर्षं बस चालवली मी. रोज पन्नास-पन्नास माणसं घरी पोचवली. आणि आता या वीतभर पोरीसाठी मला पुस्तक शिकवतंय!"

आजोबा मोटारीच्या मागच्या दारातून डोकं आत खुपसून पुटपुटत होते. आजी त्यांच्याच बगलेखाली, अर्धी आत अर्धी बाहेर अडकलेली, त्यामुळे सगळं थेट तिच्या कानात पडलं. तिनं नुसता कान जरा बाजूला घेतला. आजी होऊन तिला तीनच दिवस झाले होते. नवरा मात्र जुना होता.

चार वाजता दवाखान्यातून सुनेला आणि नातीला आणायचं होतं. बाळाची सीट गाडीत पक्की बसलीय हे तिथली नर्स स्वतः बघणार, मगच बाळ सोडणार. गाडी कोण चालवणार, हे आजोबांनी परस्पर ठरवून टाकलं होतं: आजोबा. आता आजोबांना डाव्या डोळ्यानं जवळजवळ काही दिसत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, खुद्द आजोबांनाही. पण बोलायचं कुणी? फाटकाचा खांब घासला तेव्हा मुलगा म्हणाला, खांबच जरा पुढे आलाय. बाजूचा आरसा फुटला तेव्हा सून म्हणाली, हल्लीचे आरसेच नाजूक. आजीनं तर उन्हाला दोष दिला होता, आणि त्या दिवशी सकाळपासून आभाळ भरलेलं होतं.

"बाबा, बाळाचं तोंड मागच्या काचेकडे हवं," मुलगा पुस्तिकेत बघून म्हणाला.

"म्हणजे पोरीनं सगळा रस्ता उलटा बघायचा?"

"तिला अजून स्वतःचा हात धड दिसत नाही. रस्ता कुठला दिसतोय!"

दिसण्याचा विषय निघाल्याबरोबर तिघंही एकदम कामाला लागले.

आजोबांनी डिकीतून दोरी काढली. बसच्या टपावर ट्रंका बांधायची त्यांची एक खास गाठ होती. "ही सुटली तर नाव बदलीन."

"नाव राहू द्या, दोरी द्या इकडे," म्हणत मुलानं ती काढून घेतली. मग गाडीचा पट्टा पुस्तिकेतल्या चित्राप्रमाणे सीटच्या खाचेतून ओवला, सीटमध्ये गुडघा रोवून सगळं वजन टाकलं, आणि आजोबांनी पट्टा खेचला. सीट बोटभरही हलेना.

आता चाचणी. नातीचं वजन तीन किलो, म्हणून तीन किलो पिठाची पिशवी आणली. आजीनं तिला टोपडं घातलं, स्वतः शिवलेला कापूस भरलेला कोट घातला, आणि खांद्यावरचे पट्टे लावले. पस्तीस वर्षं पोराबाळांचे कपडे शिवलेला हात तो. वाढत्या अंगाला माया ठेवल्याशिवाय राहतोय थोडाच? दोन बोटं ढील ठेवली. आजोबांनी भरली बस काढावी तसा क्लच सोडला. गचका बसला, आणि पीठ कोटातून निसटून मागच्या सीटवर पालथं पडलं.

"अगं बाई, पडली की!" आजी ओरडली.

मुलानं पीठ उचललं, टोपडं सरळ केलं. "आई, पट्टा चिमटीत धरता येता कामा नये. आणि आत कोट नको. साधे पातळ कपडे, पट्टे घट्ट, मग वरून दुपटं."

"श्वास कोंडेल तिचा."

"नाही कोंडत. ढिल्या पट्ट्यातून निसटली तर काय?"

आजीचं तोंड उतरलं. पण तिनं कोट काढला, पट्टे ओढले, चिमटीत धरून बघितले. येईनात. लेकराच्या अंगाशी इतकं नेमकं तिनं जन्मात काही बसवलं नव्हतं. ती पिठाशेजारी बसली आणि उगाच त्याच्या पोटावर हात ठेवला.

"आता मागं घेतो," आजोबा म्हणाले. मुलगा बाहेर उभा राहून हात हलवू लागला. "येऊ द्या, येऊ द्या... बाबा, डावीकडे! बाबा!"

कडाड!

"ही सायकल मधेच कुठून आली?" आजोबा संतापले.

शेजाऱ्यांची सायकल. लालभडक. सकाळपासून भिंतीला टेकून उभी. तिच्याच दांड्यावर आजोबांनी गाडी पुसायचं फडकं वाळत घातलं होतं.

मुलगा वाकडं झालेलं चाक बघत खाकरला. "शेजारी पण ना... लावतात कुठंही."

आजीच्या जिभेवरही ऊन तयार होतं. आज तर ते खरोखरच पडलं होतं. पण हाताखालचं पीठ जागचं हललं नव्हतं, सीटही नाही. दोन तास तिघांनी घाम गाळला होता तो याचसाठी. आरशात तिला नवऱ्याचे डोळे दिसले. रागावलेले नव्हते ते. घाबरलेले होते.

"अहो," ती हळूच म्हणाली, "सायकल सकाळपासून तिथंच आहे. तुम्हाला डावीकडचं दिसत नाही. गाडी आता तो चालवेल. तुम्ही उतरा."