मास्तरांच्या नावाची नळी

टेलरमास्तरांना दोन महिन्यांपासून शौचातून रक्त पडत होतं आणि हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. बायकोलाही नाही. गिऱ्हाइकाशी तासभर बोलतील, पण स्वतःच्या दुखण्याचा विषय निघाला की तोंडाला कुलूप. मूळव्याध असेल, असं मनाशी म्हणायचे आणि घाम पुसायचे.

तेवढ्यात दवाखान्याची नर्स दोघा नवराबायकोला एकेक नळी देऊन गेली. झाकणालाच काडी. काडीवर जरासं शौच घ्यायचं, नळीत बुडवायचं, झाकण घट्ट लावायचं. डोळ्यांना न दिसणारं रक्तही त्यात सापडतं, आतड्याचा कॅन्सर लवकर कळतो, असं ती म्हणाली. दोष निघाला तरच फोन येईल.

मास्तरांनी नळी उलटसुलट करून बघितली. न दिसणारं रक्त म्हणे! इथे चांगलं डोळ्यांदेखत दिसत होतं.

बायको कामाला चोख. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिची नळी तयार. "दुकानात जाता जाता दोन्ही देऊन या," म्हणाली. आता या माणसाची अक्कल बघा. दुकानाचं शटर अर्धं ओढून यांनी तिच्या नळीवरची चिठ्ठी ब्लेडने अलगद सोलली आणि तिथे स्वतःच्या नावाची चिकटवली. आपली कोरी नळी कचऱ्यात टाकली. तीस वर्षांत एकाचं माप दुसऱ्याच्या कापडावर गेलं नव्हतं, ते त्या दिवशी गेलं. बायको धडधाकट, तिचं काय निघणार? "ती माहेरी गेलीये, आल्यावर देईल," असं दवाखान्यात ठोकून दिलं. सुंठीवाचून खोकला गेला, असं वाटलं त्यांना.

नवव्या दिवशी नर्सचा फोन आला. "मास्तर, तुमच्या नमुन्यात रक्त सापडलंय. कॅन्सरच आहे असं नाही, पण दुर्बिणीने आतडं बघायला हवं. सोमवारी या."

"माझ्या?" मास्तर म्हणाले, आणि मग त्यांना आठवलं, नमुना कुणाचा होता ते.

नवी नळी आणून गुपचूप तिच्या हातात द्यावी, असंही मनात आलं. पण त्यात पुन्हा पंधरा दिवस जाणार, आणि तिच्या पोटात काय चाललंय देव जाणे. मास्तर भरल्या दुकानातून उठून घरी आले. ती इस्त्री करत होती. त्यांनी खाली मान घालून सगळं सांगून टाकलं.

तिने इस्त्री बंद केली. "म्हणजे रक्त माझं."

"हो."

आता ही आपल्याला फाडून खाणार, असं मास्तरांना वाटलं. बरंच झालं असतं. पण ती खुर्चीत टेकली.

"तुमची नळी द्यायला का घाबरलात?" तिने विचारलं.

मग मास्तरांनी तेही सांगितलं. दोन महिन्यांचं सगळं.

तिने फोन त्यांच्यापुढे सरकवला. "दोघं येतोय म्हणून सांगा," ती म्हणाली, आणि मास्तरांनी नर्सचा नंबर लावला.