वीतभर कमी

मित्रांनो, मी एक जुने कुंपण आहे. तारेचे नव्हे, काटेरी झुडपांचे. आणि खरे सांगायचे तर सध्या मी फार घाबरलेले आहे.

मला या घरातल्या आजोबांनी लावले. रस्त्याच्या कडेला एकेक फांदी ओल्या मातीत खोचत ते म्हणाले होते, "हे गुरांना अडवील आणि वाऱ्यालाही." मी दोन्ही कामे चोख केली. वर पाखरांना आसरा दिला, पावसात मातीही वाहू दिली नाही. आजोबा होते तोवर येणाऱ्या-जाणाऱ्याला ते मला कौतुकाने दाखवत. मग त्यांचा मुलगा शेत पाहू लागला. माझी सावली पिकावर पडते म्हणून हे नवे मालक कुरकुरायचे, "कुंपणच शेत खातंय." शेजारच्या शेतातले कुंपण तर एका दुपारीत मशीनने मुळासकट उपटले. तेव्हापासून इंजिनाचा आवाज आला की माझे पान न् पान थरथरते.

अशात सरकारची योजना आली. जो जिवंत कुंपण राखील, त्याला अनुदान. अट एवढीच की कुंपण दोन मीटर रुंद हवे. सूनबाईंनी, म्हणजे मालकांच्या पत्नीने, हौसेने अर्ज भरला. मालक म्हणाले, "तपासणीत पास झालं तर राहू दे. नाहीतर मशीन बोलावतो."

पाहुणे येणार म्हटले की अंगण लख्ख करायचे, ही या घराची जुनी रीत. तपासणीच्या सकाळी मालकांनी कोयत्याला धार लावली आणि मला साफसूफ करायला घेतले. फांद्या भराभर पडू लागल्या. माझ्या पोटात एक पक्षीण तीन अंड्यांवर बसली होती. कोयता तिच्यापासून हातभर अंतरावर आला. मला ओरडताही येत नव्हते.

"अहो, थांबा. काय करताय हे?" सूनबाई धावत आल्या. "रुंद हवंय ते. तुम्ही तर भादरून टाकलंत."

"मी आपलं नीटनेटकं करत होतो," मालक म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला.

तेवढ्यात तपासणीच्या बाई टेप घेऊन आल्या. त्यांनी फांदी बाजूला सारली आणि हात मागे घेतला.

"पक्षीण बसलीय. नियम आहे, पिलं उडेपर्यंत कुंपणाला कोणी हात लावायचा नाही. मीसुद्धा. उडाली की येते मोजायला."

आता अंडी फुटली आहेत. मी जिवाच्या आकांताने वाढते आहे. मालक रोज माझ्या मुळाशी बादलीभर पाणी ओततात. काल सूनबाईंनी लांबूनच अंदाज घेतला आणि म्हणाल्या, "अजून वीतभर कमी."

मित्रांनो, माझ्यासारखे कुंपण कुठे दिसले तर त्याला सुबक करायला जाऊ नका. आमची काळजी घ्यायची म्हणजे कधीकधी नुसते हात आवरायचे.

आणि एक विनंती. आज सकाळी थोरले पिलू घरट्याच्या काठावर येऊन पंख झटकत होते. त्याला कोणी सांगाल का, इतकी घाई करू नकोस म्हणून?