पाठीची खुर्ची

"आता हात कशाला लागतोय, कस्तुराबाई? पंप आलाय पंप!" असं म्हणत लक्ष्मणराव सुपरवायझरांनी ती निळी पिचकारी टेबलावर ठेवली, आणि ठेवली ती नेमकी नीलासमोर.

कस्तुराच्या अंगाचा तिळपापड झाला.

चिंचवडच्या त्या रेडिओच्या कारखान्यात रिपेअरच्या टेबलावर तिची बारा वर्षं गेली होती. बोर्डावर चुकीचा भाग बसला की त्याचा डाग काढायचा, हे काम. डाग म्हणजे शिशाचा टाका. तापलेलं सोल्डरिंगचं आयर्न टेकवायचं, शिसं चमकलं की बोर्ड टेबलाच्या कडेवर टक्कन आपटायचा. वितळलेला थेंब बिस्किटाच्या डब्यात. जरा चुकलं की मनगटावर! मनगटं तर देवी आल्यासारखी झाली होती. पण बोर्डावरची तांब्याची रेघ तिच्या हातून कधी उखडली नाही. "हात आहे बाईंचा!" हे लक्ष्मणरावच म्हणायचे. आणि आता ही नीला, दापोडीची आयटीआय झालेली पोरगी, आठ महिन्यांची नवखी, नुसतं बटण दाबायची. फट्‌! डाग पंपाच्या पोटात गडप. बाया माना वळवून बघायच्या.

खरी गोम पंपात नव्हती, खुर्चीत होती. टेबलाच्या टोकाला पाठ असलेली एकच खुर्ची, बाकी सगळी स्टुलं. शालनबाई रिटायर झाल्यापासून ती रिकामी होती, आणि ती कोणाची हे शनिवारी ठरणार होतं. स्टुलावर बसून बसून कस्तुराचा कणा बोलायला लागला होता. ती खुर्ची तिला हवी होती, आणि नीलाला मिळाली तर ते तिला बघवणार नव्हतं.

नीला रोज पंप उघडून आतला शिशाचा चुरा झाडायची. एकदा तिनं आपणहून दाखवलं, "ताई, सगळा जीव या काळ्या रबराच्या कड्यात बघा. हे नसलं ना, तर नुसतं फट्‌ वाजतं. ओढत काही नाही."

"व्हय का?" कस्तुरा म्हणाली. "एवढंसं तर हाय."

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत नीला डबा धुवायला गेली. कस्तुरानं पंप उघडला, रबर काढलं, पंप होता तसा ठेवला. आता रबर लपवायचं कुठं? गेटवर बायांची झडती असते, डबेसुद्धा उघडायला लावतात. तिची वेणी म्हणजे उंदराची शेपटी झालेली. टोकाला ते कडं बरोब्बर बसलं.

दुपारी पंप वाजायचा, डाग जागच्या जागी. नीलाला वाटलं, शिसं तापलं नाही. तिनं आयर्न आणखी दाबून धरलं. तांब्याच्या रेघा सोलून निघाल्या. एक नाही, दोन नाही, पाच बोर्ड गेले! मग तिनं पंप उघडला, तोवर लक्ष्मणराव डोक्यावर उभे.

"पंप मिळाला म्हणजे अक्कल मिळत नाही!"

"रबर पडलंय साहेब कुठंतरी."

सगळ्या बाया टेबलाखाली वाकल्या. कस्तुराही वाकली. न वाकून चालणार होतं होय? वाकली तशी वेणी खांद्यावरून पुढे आली. समोरून नीलाही गुडघ्यांवर शोधत होती. ती वेणीकडे बघत राहिली. मग उठली.

"नाही सापडत, साहेब. माझ्याच हातून हरवलं."

कस्तुरानं वेणी झटकन पाठीवर टाकली.

शिफ्ट सुटली. झडतीच्या रांगेत नीला नेमकी तिच्या मागे. पाठीशी हात लागला तशी कस्तुरा दचकली.

"ताई, रबर निसटतंय," नीला हळूच म्हणाली, आणि दोन्ही हातांनी ते वेणीवर घट्ट सारलं. "झडतीत पडेल."

त्यापेक्षा हिनं झिंज्या उपटल्या असत्या तर बरं झालं असतं! मेली एवढीशी पोरगी, हे असलं मन हिला कुठून मिळालं? कस्तुराला त्याचाही हेवा वाटला.

शनिवारी खुर्ची कस्तुराला मिळाली. बायांनी टाळ्या वाजवल्या, नीलानंही वाजवल्या. सोमवारी पंपात रबर परत आलं होतं. नीलानं बटण दाबून बघितलं आणि कामाला लागली.

पुढची सात वर्षं कस्तुरा त्या खुर्चीच्या कडेवर बसली, ताठ, स्टुलावर बसावं तशी. पाठ म्हणून तिनं एकदाही टेकली नाही.

"खुर्ची मिळाली आणि बाईंना ताठा आला," बाया आपसात म्हणायच्या.

नीला तेवढी कधी म्हणाली नाही.